दशांश चिन्हानंतरचं गाणं

परगावी ओळख सांगताना आम्हा नाशिक रोडकरांची एक सोय आहे. रामकुंड, काळाराम, द्राक्षं, मिसळ हे सगळं नाशिकचं. आमच्या वाट्याला रेल्वे स्टेशन, मुक्तिधाम, मध्यवर्ती कारागृह आणि नोटा. ‘नोटा छापतात ना, तिथं राहतो’ असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि तो हमखास म्हणतो, ‘मग येताना एखादं बंडल आणायचं की!’ इथं १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि माझी खात्री आहे की हा विनोदही तेव्हापासूनच चलनात आहे. आम्ही दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतो. कुंपणाच्या आत पैसा आणि बाहेर आम्ही, अशी आयुष्यं गेली, पण त्या भिंतीबद्दल कुणाच्या मनात आकस नाही. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला पिण्याच्या पाण्याच्या टंचाईचं जसं नवल वाटत नाही, तसंच काहीसं.

या गावात, जेलरोडला, आमच्या कॉलनीत एक मुलगा राहतो. तो गाणी करतो. ‘गाणी करतो’ हे मी विचारपूर्वक लिहितो आहे, कारण तो गातो, वाजवतो, चाली लावतो, शब्द लिहितो, ध्वनिमुद्रण करतो, गाण्याच्या चौकोनी चित्रासाठी स्वतःचाच पाठमोरा फोटो काढतो आणि मग ते सगळं जगापुढे ठेवतो. त्याच्या पाठीशी ना चित्रपट, ना कॅसेट कंपनी, ना कुणी शेटजी. अशा लोकांना हल्ली इंडिपेंडंट म्युझिशियन म्हणतात. त्याची आई मात्र शेजारीपाजारी सांगताना ‘क्लास घेतो’ म्हणते. तेही खरंच आहे. खोलीच्या भिंतींना त्यानं जुन्या गाद्या फाडून त्यातला कापूस आणि अंड्यांचे रिकामे ट्रे लावले आहेत. त्या खोलीत शिरलं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो, आणि रस्त्यावरची रिक्षा, भाजीवाला, समोरच्या वहिनींचा मिक्सर, असं सगळं एकदम कुठेतरी दूरच्या जन्मात निघून जातं.

एका संध्याकाळी त्यानं मला आणि शेजारच्या अण्णांना मोबाइलवर आपला कमाईचा तक्ता दाखवला. अण्णा प्रेसमधून निवृत्त झालेले. नोटांच्या सान्निध्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला पैशाचं कुतूहल उरत नाही, असं मला वाटायचं. पण तो तक्ता पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. एका वेळच्या ऐकण्याचे किती, तर डॉलरच्या दशांश चिन्हानंतर शून्यं, आणि जत्रेत हरवलेलं पोर शेवटी देवळामागे सापडावं तसा त्या शून्यांच्या मागे एक आकडा. त्याचे रुपये केले तरी पैशातच राहिले, आणि पैसेही पुरते हातात येईनात.

‘याचं नाणं नाही,’ अण्णा गंभीरपणे म्हणाले. ‘चार आणे २०११ सालीच बंद झाले. त्याच्या खालचं काही पाडायची सोय आता देशात नाही.’

मुलगा हसला. मला मात्र त्यातली सूक्ष्मता भावली. पूर्वीही गाण्याला पैसे मिळत नसतच. पण किती मिळत नाहीत, हे इतकं नेमकं कधी कळत नव्हतं. मंडळाचे कार्यकर्ते ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणायचे, खजिनदार गावाला गेलेला असायचा, आणि गवयाच्या गरिबीला धुक्याची एक प्रतिष्ठा असायची. आता ते धुकं उठलं. कोणत्या गाण्याचे, कोणत्या देशातून, कोणत्या महिन्यात, कोणत्या वयोगटाकडून किती आले नाहीत, याचा दाखला घरपोच मिळतो. शिवाय तो मिळवण्यासाठी या मुलाला एक अमेरिकी फॉर्म भरावा लागला, डब्ल्यू-८ बीईएन नावाचा. आपण अमेरिकेचे नाही, असं त्यात सहीनिशी सांगायचं असतं. बिटको चौकात उभ्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं याची साक्ष दिली असती.

संगीताच्या मोबदल्याशी आमच्या गावाचा एक जुना, फारसा कुणाच्या ध्यानात न आलेला संबंध आहे. इथल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये टपालाची तिकिटं, पासपोर्ट, स्टॅम्प पेपर छापतात, तशी रेव्हेन्यू तिकिटंही. मैफल संपली, चहा झाला, की आतल्या खोलीत व्हाउचरवर ते चिमुकलं तिकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं जाई, आणि गवई आपली सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर अशी ठोकी. तेवढ्या अंगठ्याएवढ्या जागेत तो सरकारच्या लेखी कलावंत होई. आता पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच एक रुपयाचं तिकीट लागतं. आमच्या मुलाच्या रॉयल्टीवर ते लावण्याचा प्रसंग अजून आलेला नाही, हे अण्णांनी काहीशा सहानुभूतीनं नमूद केलं.

या अ‍ॅपांचा गाणी ऐकवण्याचा कारभार त्यानं मला पुष्कळ समजावला आहे. स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आलं तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. आपल्या भोळ्या व्यवहाराला असं वाटतं की एखाद्यानं महिनाभर एकाच बुवांचे अभंग ऐकले, तर त्याची वर्गणी कंपनीचा वाटा वजा जाता त्या बुवांच्या घरी जावी. तसं नसतं. सगळ्यांची वर्गणी एका हौदात पडते, आणि जेवढी गाणी वाजली त्यात ज्याचा जितका हिस्सा, तितकं त्याला मिळतं. म्हणजे मी पहाटे भक्तिभावानं ऐकलेल्या काकड आरतीच्या पैशातला मोठा भाग एखाद्या पंजाबी गाण्याच्या गाडीत पेट्रोल म्हणून जातो. त्या गायकाला माझी काकड आरती रोज पोचते. बिचाऱ्याला ते ठाऊक नसतं, एवढंच.

गाणं ‘ऐकलं’ असं धरायला तीस सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत कुणी उठून गेला, तर तो आलाच नव्हता. चाळीस मिनिटांचा बडा ख्याल आणि एकतीस सेकंदांचा खोकला यांची किंमत मोजताना यंत्र दोघांना एकाच पंगतीला बसवतं. आमच्याकडचे बुवा तीस सेकंदांत तंबोरे जुळले की नाही ते पाहून समोरच्या रांगेतल्या जाणत्या माणसाकडे बघत फक्त ‘हं’ म्हणत असत. त्या ‘हं’चे पैसे सध्याच्या पद्धतीत बुडाले असते. या मुलालाही पहिल्यांदा संवादिनीवर संथ सुरावट, मग शब्द, अशी रचना करायची सवय होती. आता तो शब्द आधी आणतो. ‘काका, पाहुण्याला दारातच चहा द्यायचा,’ असं तो म्हणतो. ते ऐकून मला हसू येतं आणि त्या गेलेल्या सुरावटीची आठवणही येते. मी ती त्याच्या खोलीत ऐकली होती. आता ती कुठेच नाही.

त्यात २०२४ पासून स्पॉटिफायच्या अ‍ॅपवर आणखी एक नियम आला. मागच्या बारा महिन्यांत गाणं निदान हजार वेळा ऐकलं गेलेलं नसेल, तर त्याचे पैसे धरायचेच नाहीत.

‘आणि नऊशे नव्याण्णव वेळा ऐकलं तर?’ अण्णांनी विचारलं.

‘तर तुम्ही एकदा ऐकायचं, अण्णा.’

अण्णांनी त्या रात्री खरोखरच ऐकलं. त्यांच्या फोनवर जाहिराती लागतात आणि त्या ते अधिक लक्ष देऊन ऐकतात, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्यात एक घटना घडली, तिच्यावर मी बराच विचार करतो. एका जूनच्या रात्री तो गच्चीवर माइक घेऊन गेला होता. शेजारच्या गोडाऊनच्या पत्र्यावर पाऊस पडत होता. इगतपुरीकडून येणारा आमचा पाऊस घाटात आपलं बरंचसं गाणं गाऊन झाल्यावर इथं पोचतो. त्यामुळे त्याला घाई नसते. मुलानं तो तासभर टिपला आणि गंमत म्हणून इतर गाण्यांसोबत जगाच्या हवाली केला. जगात झोप न येणारी माणसं पुष्कळ आहेत. ती रात्री पाऊस, पंखा, समुद्र असलं काहीतरी लावून पडतात. काही महिन्यांत त्याच्या सगळ्या रचना मिळून जितक्या वाजल्या नाहीत, तितका तो पाऊस वाजला. शब्द नाहीत, चाल नाही, पाठमोरा फोटो नाही. कलावंत म्हणून नाव याचं. गायला पाऊस, साथ पत्र्याची. पत्रा ज्यांचा, ते गोडाऊनमालक या वाद्यवृंदात आपला वाटा मागतील म्हणून आम्ही कॉलनीत ही बातमी दबक्या आवाजात बोलतो. मुलाला आनंद झाला आणि थोडं लागलंही. मी त्याला म्हटलं, अरे, आपल्या गावचा पाऊस ऐकत कुणीतरी आइंडहोव्हनला झोपतं, ही काय लहान गोष्ट आहे? तो म्हणाला, ‘हो काका, पण ते झोपतात.’

आइंडहोव्हन मी मनानं काढलेलं नाही. तक्त्यात शहरांची नावं येतात. पुणे, ठाणे, बंगळुरू आणि मधेच आइंडहोव्हन : श्रोता १. तो एक श्रोता कोण असेल यावर आमची बरीच चर्चा झाली आहे. अण्णांचं मत, तो नाशिककर असणार आणि त्याला घराची आठवण येत असणार. दूरच्या श्रोत्याच्या बाबतीत केसरबाई केरकरांचा हात मात्र कुणी धरू शकणार नाही. ध्वनिमुद्रणाकडे त्या फारशा प्रेमानं पाहत नसत. आणि नेमकी त्यांचीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढून अवकाशात गेली. त्याच वर्षी बाई गेल्या. आता ते गाणं ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचून पुढे चाललं आहे, आणि आजवर त्याचा एकही ‘प्ले’ नोंदला गेलेला नाही.

गाण्यावर स्वतंत्रपणे पोट भरण्याचा हा खटाटोप नवा आहे, असं त्या मुलाच्या पिढीला वाटतं. त्या खटाटोपाचा एक मूळपुरुष अखेरच्या वर्षांत गोदाकाठीच येऊन राहिला होता. विष्णु दिगंबर पलुसकर संस्थानिकांचा आश्रय सोडून बाहेर पडले आणि तिकीट लावून लोकांसमोर गाऊ लागले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईला आणलं. शिकवण्या होत्या, जलसे होते, स्वरलिपीची पुस्तकं छापायला स्वतःचा छापखाना होता, वाद्यं बनवण्या-दुरुस्तीची सोय होती. कमाईची दारं अनेक ठेवावीत, असं जे आज या मुलांना व्हिडिओतून सांगतात, ते सगळं पंडितजींनी करून पाहिलं होतं. तरीही इमारतीचं कर्ज फिटलं नाही. वास्तू लिलावात गेली. ते नाशिकला आले, रामनाम आधाराश्रम काढला आणि रामकथेत रमले. १९३१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि पुढे त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. आमच्या मुलाकडे संध्याकाळी येणाऱ्या चिमुरड्या पोरी याच परीक्षांसाठी भूपाचा छोटा ख्याल घोकत असतात. आपल्या शाळेची इमारत वाचवू न शकलेले पंडितजी जेलरोडच्या त्या खोलीचं भाडं अजून भरताहेत.

आणि सिन्नर फाट्यावरून पुढे गेलं की ज्या तालुक्यात आपण शिरतो, त्या तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. जन्म १९२२, मृत्यू २००४, नाशिकलाच. मुंबईत गिरणीत राबलेला हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला आणि मग हजारोंनी गाणी लिहून गेला. ती त्यांनी खेड्यापाड्यांतून, वस्त्यांतून स्वतः म्हटली. लोकांनी उतरवून घेतलं, जेवू घातलं, गाणं पाठ करून पुढच्या गावाला पोचवलं. किती जणांनी ऐकलं याचा तक्ता नाही. पण दादांनी एक गोष्ट चोख केली होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेलं असे. आज गाणं अपलोड करताना कवी कोण, संगीतकार कोण याच्या पंधरा चौकटी भरायच्या असतात. त्यातली एक चुकली की गाणं अनाथ होतं आणि पैसे भलत्याच्या खात्यात जातात. २०१२ मध्ये कायदा दुरुस्त होऊन गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला हक्क मिळाला. पण तो मागायला आधी नाव तर लागलेलं हवं. संतांनी आणि शाहिरांनी ते नाव चालीतच शिवून टाकलं. गाणं चोरायचं तर नावासकट चोरावं लागतं. नाव काढलं तर यमक तुटतं. गाणारा कुणीही असो, कॅसेट कुणाचीही निघो, शेवटच्या कडव्याशी येऊन प्रत्येकाला थांबून दादांचं नाव घ्यावंच लागतं.

एप्रिलमध्ये नाशिक रोडला हे फार चांगलं ऐकू येतं. आंबेडकर जयंतीचा महिना म्हणजे इथल्या वादकांचा सुगीचा महिना. चौदा तारखेपासून पुढे मे महिन्यापर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम चालतात. आमचा मुलगा की-बोर्ड घेऊन रात्री जातो आणि पहाटे येतो. ढोलकीवाल्याला, कोरसवाल्या ताईंना, साउंडवाल्याला, टेम्पोवाल्याला, सगळ्यांना स्टेजखालीच पैसे मिळतात. गाण्यावर खूश झालेला एखादा माणूस वर येऊन माइकच्या दांड्याला नोट टेकवून जातो. ती नोट पाच किलोमीटरच्या आत छापलेली असण्याची शक्यता असते. मग लग्नसराई, हळदी, संगीत. मग गणपती. तिकडे खान्देशातली आणि आमच्या बागलाणातली पोरं अहिराणीत गाणी करतात, ती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजतात. पण त्यांनाही विचारलं तर ती म्हणतील, व्हिडिओ ही पत्रिका असते, जेवण कार्यक्रमात मिळतं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर नेसली गेली, तेव्हापासून इथल्या प्रत्येक क्लासमध्ये निदान एका पालकानं तरी ‘असं काहीतरी करा ना सर’ असं सुचवलेलं आहे.

निवडणुका हा तर आडवा आलेला पाऊसच. उमेदवाराचं नाव तीन अक्षरी की चार अक्षरी, एवढाच मुलाचा राजकीय प्रश्न असतो. एकदा त्यानं तीन अक्षरी नावासाठी बांधलेली चाल समोरच्या पक्षाच्या तीन अक्षरी उमेदवारालाही तंतोतंत बसली. दोन्ही रिक्षा एकाच चौकात समोरासमोर आल्या तेव्हा जुगलबंदी झाली आणि समेवर दोघेही बरोबर आले, असं तो अभिमानानं सांगतो. पैसे दोन्हीकडून आगाऊ घेतले होते. त्या पैशातून त्यानं नवा माइक घेतला, आणि त्या माइकवर एक गाणं केलं, संथ, संवादिनीनं सुरू होणारं. ते अजून हजारापर्यंत पोचलेलं नाही.

स्टेशनवर कधी गेलो तर माझं लक्ष गाडीत गाणाऱ्यांकडे जातं. गळ्यात पेटी, पेटीच्या भात्याच्या वर चिकटवलेला क्यूआर कोड. इगतपुरी ते नाशिक रोड एवढ्यात त्याला डबा जिंकायचा असतो. तोही तीस सेकंद देतो, पण तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत असतो. कुठल्या बाकावर जुनं लावायचं, कुठं देवाचं, कुठं काहीच न गाता पुढे सरकायचं, हे त्याला समजतं. कुणी दहा रुपये टाकले की त्याच्या कमरेचा फोन खणखणीत आवाजात रक्कम जाहीर करतो, भर अंतऱ्यात. तो गाणं थांबवत नाही.

सध्या आमच्या मुलाच्या लग्नाचं पाहताहेत. मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : मुलगा काय करतो? आई म्हणते क्लास घेतो. मामा म्हणतात म्युझिकमध्ये आहे. आणि अण्णा, कुणीही न विचारता, ‘रॉयल्टी येते, डॉलरमध्ये’ असं सांगून मोकळे होतात. त्यात खोटं काही नाही. मागच्या महिन्यात निफाडकडचे लोक आले होते. पोहे झाले, मुक्तिधाम पाहून झालं. मुलीनं आधीच फोनवर त्याचं नाव शोधून ठेवलं होतं, आणि ती रात्री ऐकतही होती म्हणे. तिच्या आत्याला ते सांगताना राहवेना.

‘पाऊस फार छान आहे हो यांचा,’ आत्या म्हणाल्या, ‘अगदी डोळा लागतो. पण मुलगा स्वतः काय वाजवतो?’

मुलानं आईकडे पाहिलं, आतून पेटी आणली, आणि शब्द न घेता नुसती सुरावट सुरू केली. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. तीस सेकंद झाली, मिनिट झालं. कुणी उठलं नव्हतं. आत्यांनी फक्त पोह्याची रिकामी बशी बाजूला सरकवली आणि मुलीला म्हणाल्या, ‘तू तर म्हणालीस, नुसता पाऊसच आहे.’